झटपट दळण

६ जानेवारी, सकाळी ७
आजपासून गिरणी माझ्या ताब्यात. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पिठाच्या धुळीत जायचं नाही. चोवीस वर्षं अण्णा गिरणी चालवतायत, पण मॅनेजमेंट शून्य. मी एमबीए, पुण्याहून, फर्स्ट क्लास. अकरा इंटरव्ह्यू दिले. अकराही कंपन्या मला पटल्या नाहीत. अण्णा म्हणाले, महिनाभर गिरणी बराबर चालली तर तुझ्या शिक्षणाचं चीज झालं म्हणीन, गिरणी तुझ्या नावावर करीन. बिघडली तर त्या डिग्रीचं नाव काढू नको. मान्य. खरं तर महिना जास्तच आहे.

७ जानेवारी
नुसतं निरीक्षण. भिंतीलगत सव्वीस डबे रांगेत. बायका डबा ठेवून जातात, दोन तासांनी नेतात. एकीला जाडसर पाहिजे, एकीला बारीक. वेळेचा नुसता चुराडा. कुणाचा डबा कोणता, हे अण्णांना झाकणावरून कळतं. याला सिस्टीम म्हणत नाहीत.

९ जानेवारी
योजना तयार. नाव: झटपट दळण. सगळ्यांची ज्वारी एकाच पोत्यात ओतायची, एकदम दळायची. पाच किलो ज्वारी द्या, उभ्या उभ्या पीठ घेऊन जा. वेटिंग टाइम शून्य. आजवर हे कुणाला सुचलं कसं नाही? आई म्हणाली, बापाला इचार आधी. मी म्हणालो, सरप्राइज आहे.

१० जानेवारी
लाँच. सुरुवातीला घरचीच ज्वारी दळून ठेवली. पहिल्या ग्राहक भीमनगरच्या गिरिजाबाई. आपली ज्वारी पोत्यात पडेपर्यंत बघत राहिल्या. म्हणाल्या, निवडलेली व्हती रे बाबा माझी. पीठ चिमटीत धरून पाहिलं आणि गेल्या. बदल झाला की लोक आधी गप्प होतात, हे दुसऱ्या सेमिस्टरलाच शिकवलं होतं.

१३ जानेवारी
रांग जवळजवळ संपली! भिंतीलगत फक्त नऊ डबे. चार दिवसांत एवढा फरक.
संध्याकाळी अण्णा पलंगावरून म्हणाले, आज पट्टा लई कमी वाजला. गिरणी घराला लागूनच. काळा चष्मा लावून दिवसभर ते दुसरं करतात काय, ऐकत पडतात. मी म्हणालो, एफिशिएन्सी. ते भिंतीकडे तोंड करून निजले.

१६ जानेवारी
देवळामागच्या झुंबरबाई आल्या. पीठ घ्यायच्या आधी विचारलं, ह्या पोत्यात कोणाकोणाची ज्वारी हाय? उत्तम प्रश्न! ग्राहक जागरूक होतोय. तोंडी सांगायला लागलो तर म्हणाल्या, लिहून लाव. सोबतच्या दोघी जमिनीकडे बघत उभ्या होत्या. पीठ न घेताच गेल्या. चोवीस वर्षांत हा प्रश्न अण्णांना कुणी विचारला नाही. त्यांच्या पद्धतीत विचारायची सोयच नव्हती.

१७ जानेवारी
पारदर्शकता दिवस. एकतीस नावांची यादी, आडनावांसकट, ठळक अक्षरात प्रिंट काढून भिंतीवर लावली. दिवसभर माणसं येऊन वाचून गेली. पुरुषसुद्धा. दळण कुणी आणलं नाही, पण एवढी माणसं गिरणीत मी कधी पाहिली नव्हती. गंमत म्हणजे मी जवळ गेलो की बोलणं थांबायचं. बहुतेक आदरामुळे.

१८ जानेवारी
गिरिजाबाईंच्या नावाखाली कुणीतरी पेन्सिलीने रेघ मारली आहे. खूश झालेल्या ग्राहकाचं काम असावं.

१९ जानेवारी
आणखी तीन नावांखाली रेघा. त्यातलं एक आमच्या शाळेच्या नागसेन सरांचं. सर स्वतः आले. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मी म्हणालो, सर, फीडबॅक द्या ना. ते म्हणाले, भागवत, या रेघा तुला दिसतात का? मी म्हणालो, हो सर, चार आहेत. ते निघून गेले. फीडबॅक अर्धवटच राहिला.

२२ जानेवारी
डबा एकच, तोही आईचा. वेशीजवळच्या रामप्रसादच्या चक्कीपुढे मात्र ही लांब रांग. लोक उन्हात दोन दोन तास थांबतात. कीव येते.
झोप नीट लागत नाही. हवामान.

२४ जानेवारी
दिवसभर कुणी नाही. अण्णांना आवाज जावा म्हणून मोटर सुरू करून ठेवली. धान्य नसलं की दगडाला दगड घासतो, जळका वास येतो. आतून अण्णांची हाक आली, भागवत, चक्की रिकामी फिरवून राह्यला का? मी म्हणालो, टेस्टिंग. मोटर बंद करून सहावा चहा प्यायलो. चहा जास्त होतोय, कमी केला पाहिजे.

२६ जानेवारी
महिना व्हायच्या आत अण्णा गिरणीत आले. काळा चष्मा लावून, आईच्या खांद्यावर हात ठेवून. आईनेच सगळं सांगितलं असणार. नव्या नंबरचा चष्मा अजून यायचाय, यादीतली अक्षरं त्यांना दिसेनात. म्हणाले, वाच. वाचली. म्हणाले, आता रेघा असलेलीच वाच. चार नावं वाचली. चारही भीमनगरची. स्वतःच्या तोंडून एकापाठोपाठ ऐकेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं.
अण्णा म्हणाले, ज्याचा डबा त्याचं पीठ. आन डबे समदे एकाच रांगंत. चोवीस वर्षं म्या एवढंच सांभाळलं. कागद फाडायला त्यांनी हात पुढे केला, पण तो भलतीकडेच गेला. मग मीच फाडला. लाज वाटली. ते लिहून ठेवतो.

२७ जानेवारी
अण्णांना धरून गिरिजाबाईंच्या घरी नेलं. अण्णा दारातूनच म्हणाले, बाई, डबा द्या, म्या सोता दळून देतो. गिरिजाबाईंनी बसायला टाकलं, पाणी दिलं. म्हणाल्या, अण्णा, डोळ्याला जपा. दळण रामप्रसादकडं टाकून आले. पर काल तिथं रांगंला डबा ठिवला तं बायांनी आपापले डबे सरकून घेतले. तुमच्या रांगंला याच्याआधी कधी न्हाई सरकवले.
अण्णांनी पाणी पिऊन पेला चाचपत खाली ठेवला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात गिरिजाबाईंनीच मला विचारलं, पुण्याला किती वर्षं व्हता रे बाबा शिकायला?
दोन, म्हणालो.
बरं, म्हणाल्या, आणि रिकामा पेला घेऊन आत गेल्या.