केस आपलीच आहे

३ मार्च
जेवणानंतर पेरू कापता कापता युन-ची म्हणाली, "मला तुझ्याशी भांडायचं नाही. मला घटस्फोट हवाय." मी एक फोड मीठ लावून खाल्ली. दमलीये बिचारी. आठवडाभरात राग उतरेल. एसीच्या शोरूममध्ये इतकी वर्षं गिऱ्हाइकं हाताळतोय. 'नको' म्हणणारंच शेवटी मोठा एसी घेऊन जातं.
तरी सावध असलेलं बरं.

५ मार्च
नगरपालिकेत फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई बसतात, लियाव नावाच्या. जाऊन आलो. मित्रासाठी विचारतोय म्हणालो. म्हणाल्या, मित्राला सांगा, रागात कशावरही सही करू नका. मुलीसमोर भांडू नका. बायकोचा फोन चोरून बघू नका, गुन्हा आहे. तडकाफडकी घर सोडू नका. आणि मुलीची शाळा, डबा, दवाखाना रोज कोण बघतं, ते आधी स्वतःला विचारा. कोर्ट तेच विचारणार.
यातलं सगळं मी पाळतोच. मित्राची केस भक्कम आहे.
निघताना बाई म्हणाल्या, "मित्राला म्हणावं, झोपत जा. डोळे सुजलेत त्याचे."

८ मार्च, रविवार
युन-चीचा फोन बघितला. चोरून नाही, माझ्या फोनशेजारीच चार्जिंगला होता. पासवर्ड शिन-यूची जन्मतारीख असणार, हे कुठलाही बाप ओळखेल. तिसऱ्या वेळेला उघडला.
परपुरुष वगैरे काही नाही. वर्गशिक्षिका, शाळेची बस, कानाचे डॉक्टर. कानाच्या डॉक्टरांशी एवढं काय बोलणं असतं? लक्ष ठेवायला हवं.

१२ मार्च
भांडण. मी तिचा फोन बघितला त्यावरूनच. शिन-यूसमोर नाही, ती दाराआड होती. बॅग भरून ताईकडे आलो. घर सोडलं असं नव्हे, हवापालट.
ताईची मासे घातलेल्या पेजेची गाडी आहे, देवळामागे. माझ्यापुढे वाडगा ठेवून तिने विचारलं, भांडून आलास की भूक लागली म्हणून? मी म्हणालो, सहज. ती म्हणाली, सहज आलेला माणूस इस्त्रीचे शर्ट घेऊन येत नाही.
युन-चीचा फोन परवापर्यंत येईल.

२९ मार्च
फोन नाही. कोर्टाचं पत्र आलं. तिने अर्ज केलाय. आधी समेटाची बैठक, तिथे जमलं नाही तर पुढे खटला.
ताई म्हणते, घरी जा आणि तिची माफी माग. मी समजावलं की घाई करायची नसते, आधी समोरच्याला बोलू द्यायचं. ताई गाडी पुसत होती. "ती कितीतरी वर्षं बोलतेय, छंग-पो. मला इथपर्यंत ऐकू आलं."
ताई कधी शोरूममध्ये उभी राहिलेली नाही.

९ एप्रिल
पहिली बैठक. मी एकच वाक्य बोललो, पण वजनदार: घटस्फोट हवा तर घे, मुलगी माझ्याकडे राहील. युन-ची रडली. आजवर माझ्यासमोर कधी रडली नव्हती. म्हणजे मुद्दा बरोबर लागला.
रात्री जेवण गेलं नाही. पेजेत आलं जास्त पडलं असणार.
आता कोर्टाकडून समाजसेविका घरी येणार, मुलीशी आणि आमच्याशी बोलायला. मी घरी परततोय. केस आपलीच आहे.

२५ एप्रिल, शनिवार
समाजसेविका येऊन गेली. कोवळी पोर, पण नम्र. मी पडदे बदलले होते, मासा स्वतः वाफवला होता. युन-ची मुद्दाम बाहेर गेली होती.
मुलीला काय आवडतं, असं विचारलं. मी सांगितलं, पोहणं. मासोळी आहे माझी. दर बुधवारी क्लास असतो.
शिन-यू ताटातला काटा बाजूला करत होती. हळूच म्हणाली, "बाबा, मी पोहत नाही आता. कानाचं ऑपरेशन झालं ना."
मला आठवेना. मग आठवलं. मी तैपेईला होतो, कंपनीच्या मेळाव्यात. युन-चीने फोनवर 'किरकोळ आहे, ये तू सावकाश' म्हटलं होतं. मी सावकाश आलो आणि विचारायचं राहिलं.
समाजसेविका काही लिहीत होती. तेवढ्यात शिन-यूच तिला म्हणाली, "बाबांना माहीत असतं. कामात विसरतात."
नऊ वर्षांची पोर माझी बाजू मांडत होती.
एकूण भेट चांगली झाली. तिने पुष्कळ लिहून घेतलं.
मासा थोडा कच्चा राहिला होता.

२० मे
दुसरी बैठक. या वेळी भाषण पाठ होतं: तिचा तिरसटपणा, तिची अबोला धरायची सवय, सगळं क्रमवार. पहिल्यांदा तिला बोलू दिलं.
ती म्हणाली, "छंग-पोविरुद्ध मला काही सांगायचं नाही. तो वाईट बाप नाही. शिन-यू माझ्याजवळ राहू दे आणि दर शनिवारी त्याच्याकडे जाऊ दे. तिला तो हवा असतो."
मध्यस्थांनी मला विचारलं, तुमचं म्हणणं? सगळे बघत होते. पाठ केलेलं एकही वाक्य आता कुठे बसत नव्हतं. मी विचारलं, शुक्रवारी संध्याकाळपासून चालेल का? युन-ची लगेच हो म्हणाली.
सही केली. रागात केली नाही, एवढं नमूद करतो.

३० मे, शनिवार
पहिला शनिवार माझा. नवी भाड्याची खोली झाडली, मत्स्यालयाची तिकिटं काढली. शिन-यू काल संध्याकाळी यायची होती, तर युन-चीचा फोन, ताप आहे, हवं तर इथे येऊन भेटलं तरी चालेल. सकाळी गेलो. बेल वाजवली. स्वतःच्या दाराची बेल मी प्रथमच ऐकली. चांगला आवाज आहे.
शिन-यू झोपली होती. कपाळावर हात ठेवला. औषध कधी दिलं विचारलं, पुढचं कधी द्यायचं विचारलं. युन-चीने सगळं नीट सांगितलं. मला सोफ्यावर बसवून चहा दिला, सोबत अननसाची बिस्किटं, बशीत मांडून. ताईची चौकशी केली. मी भांडणाचा एक विषय काढून बघितला, विजेच्या बिलाचा. ती म्हणाली, बरोबर आहे, माझ्याकडूनच राहिलं.
दारात बूट घालताना सवयीने म्हणालो, येतो.
"या," युन-ची म्हणाली. "सांभाळून जा तुम्ही."
जिना उतरून खाली आलो तेव्हा लक्षात आलं. रागावलेली असती तर 'तू' म्हणाली असती.