डाव्या दरवाज्याचा रंग

२७ जुलै, रविवार. सकाळी ६.४०

गाडी पॉलिश करायचं मशीन आलं. रोटरी. खोक्यावर 'प्रोफेशनल' असं लिहिलं आहे. सोबत लोकरीचा एक पॅड, स्पंजचे दोन आणि कंपाउंडची, म्हणजे रंग घासायच्या पेस्टची बाटली. प्रीती म्हणाली, बाबा, नवशिक्यांसाठी दुसरं हळू मशीन मिळतं, माझ्या बँकेतले एक सर तेच वापरतात. मी नवशिका नाही. फक्त अजून सुरुवात केलेली नाही.

उद्देश लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. जानेवारीत ॲक्सिडेंट झाला तेव्हापासून मिनल आपल्या गाडीत बसलेली नाही. एप्रिलमध्ये खांद्याच्या व्यायामासाठी कन्हानला माहेरी गेली, तीही बसने. कारण उघड आहे. डावा दरवाजा नवीन रंगवला, त्याचा ग्रे वेगळा दिसतो. बाकीची गाडी जुनाट. बायकांना असल्या गोष्टी फार लागतात. पूर्ण गाडी एकसारखी चमकली की विषय संपला.

टार्गेट: पोळा, २२ ऑगस्ट. त्या दिवशी स्वतः कन्हानला जायचं आणि मिनलला पुढच्या सीटवर बसवून नंदनवनला घरी आणायचं. सव्वीस दिवस आहेत. भरपूर झाले.

२९ जुलै, मंगळवार

चौदा व्हिडिओ पाहिले. आता मला विषय कळला आहे. आधी धुणं, मग क्ले. क्ले म्हणजे चिकणमातीसारखा गोळा, तो गाडीवर फिरवून बारीक कचरा उचलायचा. सगळे व्हिडिओवाले एक गोष्ट ओरडून सांगतात: गोळा जमिनीवर पडला तर फेकून द्या.

पडला. पोर्चमध्ये. फेकणं जिवावर आलं. शर्टाला पुसून वापरला.

उजव्या बाजूला बारीक ओरखडे आले आहेत. हरकत नाही, पॉलिश ओरखड्यांसाठीच असतं. काहीतरी काम शिल्लक पाहिजेच.

२ ऑगस्ट, शनिवार

व्हिडिओत म्हणतात, पहिला प्रयोग कोपऱ्यात करा, कोणाला दिसणार नाही अशा जागी. मी बॉनेटच्या मधोमध केला. दिसलंच नाही तर कळणार कसं?

स्पीड सहावर होता. कंपाउंड उडालं. माझ्यावर, पोर्चच्या छतावर, आणि कंपाउंडवॉलवरून शेजारच्या पार्वतीबाईंच्या वाळत घातलेल्या साडीवर. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गाडी पुसून राहिला का घर पोतून राहिला गा?" मी त्यांना प्रोसेस समजावली. त्या साडी काढून आत गेल्या. आतून पुन्हा बाहेर आल्या आणि विचारलं, "मिनल कवा येते?" मी म्हटलं, पोळ्याला. मिनलने तसं सांगितलेलं नाही, पण मी सांगितलं म्हणजे निम्मं काम झालं.

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ५

प्रीती स्कूटरने कन्हानला जाऊन आली. दर रविवारी जाते. मिनलचा डावा हात आता कानापर्यंत वर जातो. त्याच्या वर नाही. वेणी अजून आईच घालून देते, म्हणजे माझ्या सासूबाई, रुखमाबाई.

मी मिनलला बॉनेटचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिक्स. उत्तर नाही. म्हणजे नीट पाहत असेल.

प्रीतीने विचारलं, आईसाठी काही निरोप देऊ का? मी म्हटलं, बॉनेट झालं म्हणून सांग. तिने स्कूटरची किल्ली खुंटीला लावली. मग जेवायला वाढलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. मिनल तिच्या भावाकडेच आहे, दुर्गेशकडे, त्यामुळे आज ती इकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. हे सोयीचं झालं.

१० ऑगस्ट, रविवार

गाडी पहिल्यांदा उन्हात काढली. बॉनेटवर गोल गोल चकाकत्या रेघा. गाडी हलली की त्याही हलतात. व्हिडिओवाले याला होलोग्राम म्हणतात आणि ही चूक आहे असं सांगतात. मला वाईट वाटलं नाही. आधी नव्हतं ते आता आहे.

दुर्गेशचा फोन आला. आवाज चढलेला होता. म्हणाला, "भाऊजी, तुम्ही पोलिसात काय लिहून देल्लं ते ताई आता वाचून राहिली. तुम्ही असं काहून लिहिलं?" इन्शुरन्ससाठी जबाबाची कॉपी लागली होती, ती आता तिच्या हातात पडली म्हणे.

मी लिहिलं ते असं: वाहन नियंत्रणात असताना पत्नी अचानक ओरडल्यामुळे दचकून स्टिअरिंग डावीकडे गेले आणि उभ्या ट्रकला घासले. यात खोटं काय आहे? ती ओरडली होती. ओरडल्यावर माणूस दचकतोच. मी हे सगळ्यांना सांगितलं आहे, तिच्यासमोर दवाखान्यातही सांगितलं, तेव्हा ती काही बोलली नव्हती. तोंडावर मास्क होता, पण मान हलवता आली असती.

दुर्गेशला म्हटलं, पोळ्याला येतोय, समोरासमोर बोलू. दिवसभर मूड गेला. मागचं बंपर अर्धंच झालं.

१३ ऑगस्ट, बुधवार

डाव्या दरवाज्यापर्यंत पोचलो. व्हिडिओत रंगाची जाडी मोजायचं मीटर दाखवतात. मायक्रॉनमध्ये. माझ्याकडे फ्रिजचा मॅग्नेट आहे, संत्र्याच्या आकाराचा. बॉनेटला चिकटला, छताला चिकटला. डाव्या दरवाज्याला लावला तर खाली पडला. तीन वेळा. मॅग्नेट कमजोर आहे.

तरी गल्लीच्या तोंडाशी डेंटिंगवाला संघपाल आहे, दरवाजा त्यानेच केला होता, म्हणून त्याला आणून दाखवलं. तो म्हणाला, "अमोलभाऊ, मॅग्नेट कसा चिकटन? इथं पत्रा आतमधी गेलता. वरून लांबी भरली, मग रंग मारला. पातळ आहे. याले मशीन लावू नका, हातानं पुसा फक्त." लांबी म्हणजे पुट्टी, खड्डे बुजवायची.

मग जाता जाता थांबला. म्हणाला, "म्या दार खोललं तव्हा आतलं पॅनल सीटले टेकलं होतं. वहिनीचा हात कसा आहे आता?"

मी त्याला स्पीडबद्दल विचारलं. तीन ठेवू की चार.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी १२

मिनलला फोन केला. स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. तिने विचारलं, तुम्ही जेवलात का? मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "मले फक्त एक गोष्ट ऐकाची आहे तुमच्याकडून. बाकी मले काही नको."

मी म्हटलं, बावीस तारखेला ऐकायची काय, पाहायलाच मिळेल.

तिने फोन ठेवला. रेंजचा प्रॉब्लेम असतो तिकडे.

१७ ऑगस्ट, रविवार

हाताने पुसून दरवाजा चमकत नाही. संघपाल चांगला माणूस आहे, पण त्याने व्हिडिओ पाहिलेले नाहीत. आज मशीन दोनवर ठेवून अगदी हलकं फिरवलं. पॅड पूर्ण ग्रे झाला. केवढा मळ! सात महिन्यांचा मळ निघतोय. इतर कुठल्याच भागातून एवढा निघाला नव्हता.

प्रीतीने पॅड पाहिला आणि म्हणाली, बाबा, हा मळ नाही, रंग आहे. या मुलीला निगेटिव्ह बोलायची सवय लागली आहे. तिकडे रोज फोन करते त्याचा परिणाम.

२० ऑगस्ट, बुधवार

प्रीती उद्यापासून रजा टाकून कन्हानला चालली. दुर्गेशकडे बैलजोडी आहे, उद्या खांदमळणी. माझे वडील गावी करायचे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू टेकतं तिथे, तूप-हळद लावून चोळायचं आणि त्याला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, रागीट माणूस, पण त्या दिवशी बैलाच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटायचे. वर्षभर मारलं असेल त्याची माफी मागत असावेत.

मी हे सगळं प्रीतीला सांगितलं. ती बॅग भरत होती. म्हणाली, "बैलाचाही खांदा वर्षातून एकदा पाहतात, बाबा." आणि चेन लावून निघून गेली.

तिच्या बोलण्यावर बराच विचार केला. पोरगी बोलते ते कधी कधी बरोबर असतं. गाडीने इतकी वर्षं आपला भार वाहिला आणि मार लागला तो डाव्या बाजूला. त्या बाजूला मी सगळ्यात कमी वेळ दिला आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी ६.३०

खांदमळणी.

डावा दरवाजा धुतला. लोकरीचा पॅड लावला, कंपाउंड भरपूर, स्पीड पाच. म्हटलं, एकदा मनापासून करू. काचेच्या लगेच खाली जिथे शेड वेगळी दिसते तिथेच धरलं. ती जागा हळूहळू हलकी व्हायला लागली. मला वाटलं चमक येते आहे. जळका वास आला. मशीन उचललं.

तळहाताएवढा पिवळट डाग. कडेला प्रायमरचं कडं. रंग नाहीच. खाली लांबी, आणि लांबीत बोट लावलं तर एक टवका निघून आला. आत पत्र्याची घडी दिसते, डेंटरने ठोकून जितकी सरळ झाली तितकी. साधारण बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर.

पोर्चमध्ये खाली बसलो. पार्वतीबाईंनी भिंतीवरून पाहिलं आणि दोरीवरची साडी उचलून आत नेली.

उपाय: काचेत टॉवेल अडकवून सोडायचा. हिरवा, चांगला आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. रात्री घरी आल्यावर

कन्हानला अकराला पोचलो. रुखमाबाई म्हणाल्या, "या जवाईबापू, पाणी घ्या." दुर्गेश बैलांना झूल घालत होता, मान वर न करता नमस्कार केला. प्रीती आतच होती.

मिनल बाहेर आली. बारीक झाली आहे. डावा हात पोटाशी धरते, सवय लागली असावी. गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटकडे पाहिलंही नाही, एवढी मेहनत. डाव्या बाजूला आली आणि टॉवेल काढला. मग टवका निघालेल्या जागेवर बोट ठेवलं. मग टॉवेलची घडी घालायला लागली, एका हाताने, गाडीच्या टपावर ठेवून. वेळ लागत होता. मी मदत केली नाही, तिला आपली कामं आपण करायला आवडतात.

घडी झाल्यावर म्हणाली, "अजून काही सांगाचं आहे का?"

विषयात इंटरेस्ट दाखवला म्हणून बरं वाटलं. मी तिला सांगितलं की रंगाचे थर मायक्रॉनमध्ये मोजतात, कंपनीचा रंग शंभरच्या वर असतो, आपला रिपेंट कमी होता, दोष मशीनचा नाही, आता पूर्ण दरवाजाच नवीन टाकू आणि शेड कोडने मॅच करू. ती ऐकत होती. मग म्हणाली, जेवून घ्या, पुरण गार होते.

जेवलो. तिने उजव्या हाताने वाढलं. नंतर मी किल्ली घेऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "तुम्ही जा."

सीट रिकामी होती म्हणून त्यावर टॉवेल ठेवून आणला.

२४ ऑगस्ट, रविवार

प्रीती दुर्गेशसोबत सकाळी आली. मिनलचे कपडे, एक्स-रे, आधार कार्ड, शिलाई मशीन नेलं. प्रीतीनेही आपली बॅग भरली. बँकेत आता तिकडूनच जाणार. विचारलं, किती दिवस? म्हणाली, पाहू.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. ट्रक उभा नव्हता, आमच्या पुढे ब्रेक मारत होता. फोन माझ्या हातात होता. ऑफिसच्या ग्रुपवर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता, मी अंगठा पाठवत होतो. मिनल आधी ओरडली नाही. आधी नेहमीच्या आवाजात म्हणाली, अहो, समोर पाहा. मग पुन्हा म्हणाली. मी हो हो म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा मी स्टिअरिंग फिरवलं, डावीकडे नाही, उजवीकडे, आणि तिची बाजू पुढे केली.

सात महिने मी सगळ्यांना तिची तिसरी हाक सांगतोय. पहिल्या दोन कोणालाच सांगितल्या नाहीत.

परवा अंगणात तिने विचारलं तेव्हा रुखमाबाई मुद्दाम आत गेल्या होत्या. दुर्गेशही बैल घेऊन लांब गेला होता. तिने विचारलं आणि माझ्याकडे पाहत थांबली. मी दहा मिनिटं तिला मायक्रॉन समजावून सांगत होतो.