लाल लोकरीची जोडी

सान मार्तीन दे लोस आंदेस
२८ जून

प्रिय मालेना,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण दुकान उघडलं की गप्प बसतो. हिवाळा लागला, या आठवड्यात वरचा डोंगर स्कीसाठी सुरू झाला, त्यामुळे दिवसभर भाड्याच्या स्कींना मेण लावणं चालू आहे.

मैत्रिणींबरोबर लास लेन्यासला निघालीस, आणि नव्या स्की कोणत्या घेऊ म्हणून विचारतेस. घटस्फोटानंतर सुनेचं पहिलं पत्र, तेही स्कीबद्दल, आणि त्याही दुसऱ्याच डोंगरासाठी! तरी पुन्हा पुन्हा वाचलं.

तर ऐक. ‘ना धड नवखी, ना धड पटाईत’ असं स्वतःबद्दल लिहिलंयस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. डोंगरावरचे निम्मे लोक तसेच असतात, कबूल करत नाहीत इतकंच. तुला सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणारी जोडी हवी. उभी धरलीस की टोक तुझ्या हनुवटी आणि नाकाच्या मध्ये यायला हवं. मधली रुंदी माझ्या चार बोटांहून जराशी जास्त. त्याहून अरुंद घेतलीस तर दुपारच्या ओल्या बर्फात रुतशील, फार रुंद घेतलीस तर सकाळच्या कडक बर्फावर पकड मिळणार नाही. टोक थोडं उचललेलं असावं, वळण सोपं जातं. आणि ताठ स्की नकोच. दुकानदार ‘बायकांची’ म्हणून नुसता गुलाबी रंग दाखवेल. त्याला सांग, गुलाबी टोपी आहे माझ्याकडे, मला वाकणारी स्की दाखव.

तुझी जुनी जोडी एझेकिएलने निवडली होती. माझाच मुलगा, पण बोलते: ती त्याने स्वतःच्या पायांसाठी निवडली होती. लांब, ताठ, भरधाव जाणाऱ्याची. वर तुलाच टोमणे, “अगं, उतरतेयस की घसरतेयस?” तू दातओठ खात त्याच्या मागे जायचीस. मग दुकानात येऊन शेगडीपाशी बूट काढत म्हणायचीस, “सासूबाई, तुमचा डोंगर काही मला सून करून घेत नाही!” मी हसायचे आणि पुरीसारख्या तळलेल्या गरम तोर्ता फ्रिता तुझ्यापुढे सरकवायचे.

आता मी त्या तळतच नाही. ‘माते’ चहाचा पेलाही एकटीच भरते, एकटीच पिते. पेला पुढे करायला समोर कुणी लागतं ना.

एझेकिएलचा फोन आला होता. जुलैच्या हिवाळी सुट्टीत येतोय. एकटा नाही. हे लिहायचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. म्हणाला, “आई, मालेनाच्या स्कींची लोकर सोड आता. भाड्याला काढ त्या.”

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती लाल लोकर मीच बांधली होती, घरच्या स्की भाड्याच्या ढिगात जाऊ नयेत म्हणून. तू म्हणाली होतीस, “चला, म्हणजे मी आता गिऱ्हाईक नाही!”

मी ती लोकर सोडली. ब्युनोस आयर्सचा एक उंचाडा माणूस त्या स्की घेऊन गेला आणि भलताच खूश आहे. रागावू नकोस, पुढे वाच.

नव्या मालात एक जोडी आलीय, वर लिहिली अगदी तशी. ती बाजूला ठेवली. तुझे बूट अजून शेगडीजवळच्या फळीवर आहेत, स्कीवर बूट अडकवायचं बाइंडिंग त्यांना जुळवून घेतलं. पण ते किती घट्ट करायचं हे वजनावर ठरतं, आणि तुझं वजन आता मला माहीत नाही. तिकडे रोसारिओला नीट जेवतेस का, तेही माहीत नाही. म्हणून तेवढे स्क्रू सैलच ठेवलेत.

जुलैत येऊ नकोस. ऑगस्टमध्ये ये. तोवर तो गेलेला असेल आणि बर्फही चांगला बसलेला असेल. चालवून पाहिल्याशिवाय स्की विकत घेऊ नयेत, हा दुकानदारणीचा सल्ला. बाकी मला तुझी फार आठवण येते, मालेना. त्याने बायको सोडली, पण मी सून सोडली नव्हती. मला कुणी विचारलंच नाही.

नव्या जोडीला लाल लोकर बांधली आहे. एझेकिएल बघेल आणि विचारेल, कुणाची म्हणून. सांगेन, घरची.

तुझी,
(सासू लिहायचं की नाही, ते आल्यावर तूच सांग)
ओतिलिया