मेल आला नाही म्हणजे

१ एप्रिल १९९९, गुरुवार
आजपासून रोजनिशी. नियमित.
मालक जालिंदरराव म्हणाले, महिनाभर सर्व्हर बंद पडला न्हाई तर पर्मनंट करतो. कुपवाडातल्या आमच्या इंटरनेट कंपनीत सर्व्हर एकच. त्याला सांभाळणाराही एकच, मी.
पर्मनंट झालो की दाखला मिळेल. नवरा सांगलीत कायम नोकरीला असल्याचा दाखला जोडला की नीलिमाची बदली साताऱ्याच्या शाळेतून इकडे होऊ शकते. अर्जाची मुदत ३० एप्रिल. हिशोब बरोबर बसतो.

३ एप्रिल
सर्व्हरवर प्रोग्राम लिहिला. दर पाच मिनिटांनी वेबसाइट चालू आहे का ते बघतो. बंद असेल तर मला मेल पाठवतो. टेस्ट म्हणून साइट मुद्दाम बंद केली. दोन मिनिटांत मेल हजर. सांगली जिल्ह्यात हे दुसऱ्या कोणी केलं असेल असं वाटत नाही.

४ एप्रिल, रात्री ८.४०
घरच्या फोनच्या लाइनला मोडेम लावला. रोज आठ ते साडेआठ सरकारी इंटरनेटवरच्या माझ्या खात्यात मेल बघायचा, त्या वेळी लाइन पटकन लागते. आज मेल नाही. म्हणजे सर्व्हर चालू.
नीलिमाची रिंग आली नाही. ती रोज आठ वाजता घरमालकांच्या फोनवरून एक रिंग देऊन ठेवते, म्हणजे ती बरी आहे. पाठोपाठ दुसरी आली तर मी उचलायचा. लग्नापासूनची पद्धत. जरा जुनाटच. सगळं ठीक आहे हे रोज कशाला कळवायचं? माझी पद्धत शास्त्रीय: बिघडलं तरच कळवायचं. मार्चमध्ये तिला तसं सांगितलंही होतं.

५ एप्रिल
मालक लाइटवरून चिडले, रात्रभर पंखे फिरतात म्हणे. मी लगेच मोठ्या अक्षरांत कागद छापून दारावर लावला. ‘जाताना सर्व बटणे बंद करावीत. हुकमावरून.’ वॉचमन नाथाजींना वाचूनही दाखवला. व्हय सायेब म्हणाले. माणूस प्रामाणिक आहे.

९ एप्रिल
मेल नाही. रिंग नाही. शाळेत परीक्षा आहेत, कामात असेल.

१२ एप्रिल
तासगावचे बेदाण्याचे व्यापारी रहिमानशेठ ऑफिसात आले. त्यांचे भाव आम्ही साइटवर टाकतो. म्हणाले, दुबईचं गिऱ्हाईक सांगतंय संध्याकाळी साइट उघडतच न्हाई. मी समजावलं, दोष दुबईच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यांनी विचारलं, तुमी संध्याकाळी सवता बघितलंय काय उघडून? मी म्हणालो, बघायची गरजच उरलेली नाही, तसा प्रोग्राम आहे. ते चहा अर्धा ठेवून गेले. नवीन तंत्रज्ञान पचायला वेळ लागतो.

१४ एप्रिल, बुधवार
जयंती. मिरवणुकीला साताऱ्याला येतो असं नीलिमाला मार्चमध्येच सांगितलं होतं. गेलो नाही. अठरा दिवस राहिले, जोखीम नको. तिला समजेल. पुढल्या वर्षी दोघं सांगलीतच असू.
दुपारी गल्लीत खीर मिळाली. दोन वाट्या खाल्ल्या. चव लक्षात नाही.

१५ एप्रिल
काल अठरा दिवस लिहिले ते चुकून. सोळा.

१९ एप्रिल
मेल नाही. रिंग नाही. दोन्हीकडे शांत. बरं वाटायला हवं. वाईटही वाटत नाही, चांगलंही नाही. झोप मात्र लागते.

२३ एप्रिल
मालकांना सांगितलं, वीस दिवस एकही मेल नाही. त्यांनी मान हलवली. दाखल्याचा मजकूर मीच टाइप करून ठेवला आहे. तारखेची जागा रिकामी.

२६ एप्रिल, सोमवार
मालक काल रात्री कुपवाडातल्या एका लग्नाहून परतताना ऑफिसात डोकावले. सगळीकडे अंधार. सर्व्हरही अंधारात.
आज नाथाजींना माझ्यासमोर विचारलं. ते म्हणाले, तुमीच कागद लावलाय न्हवं, सायेब? समदी बटनं बंद करतो. ते डबडं कुई कुई करतंय, त्याचंबी दाबतो. सकाळी झाडलोट करताना परत चालू. पाच तारखेपास्नं एक दिवस चुकलो न्हाई.
डबडं म्हणजे यूपीएस, ज्यावर सर्व्हर चालतो.
मालकांनी विचारलं, मग तुमचा मेल का आला न्हाई? मी म्हणालो, प्रोग्राम सर्व्हरवरच आहे, सर्व्हर बंद म्हणजे प्रोग्रामही बंद. हे बोलताना मला पहिल्यांदाच ऐकू आलं. मालक म्हणाले, पर्मनंटचं पुढच्या वर्षी बघू.
नाथाजींना मी काही बोललो नाही. त्यांचं काम चोख आहे.

२७ एप्रिल
नीलिमाचं पत्र आलं.
अर्जाची मुदत अलीकडे आणली, २० एप्रिल केली. ते तिला १६ ला कळलं. दाखला पर्मनंटचाच लागतो असं नाही, नोकरीला आहेत एवढं मालकांनी लिहून दिलं तरी चाललं असतं. चार दिवस तिने रोज आठला दोनदा फोन लावला. एंगेज. दिवसा ऑफिसला लावला. तिथल्या सगळ्या लाइनी मोडेमला, तिथेही एंगेज. २० तारखेला कागद नाही म्हणून अर्ज घेतला नाही. आता पुढल्या एप्रिलमध्ये.
शेवटी लिहिलंय, ‘मार्चमध्ये तुम्ही तुमची पद्धत सांगितली होती, तीच बरी. रोज रिंग कशाला. मी आता देत नाही. काही बिघडलं तर कळवीन.’
पत्र तीन वेळा वाचलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

३० एप्रिल, शुक्रवार, रात्री ८.१०
मोडेम काढून ठेवला. फोनची वायर नीट बसवली. उचलून बघितला, टोन आहे. साडेसातपासून शेजारी बसलोय.
आठ वाजून गेले. रिंग नाही.
म्हणजे काही बिघडलेलं नाही.