‘पार्किंग ब्रेक’ बंद पाडण्याच्या कामाचा खुलासा

ट्रॉय, मिशिगन
२८ ऑक्टोबर २००७

तीर्थस्वरूप सौ. शैलजाताईस,

धाकट्या मोरेश्वरचा साष्टांग नमस्कार. येथे सर्व क्षेम असून माझा गुडघा आणि सुहासिनीचा रक्तदाब आपापल्या मर्यादेत आहेत. मनोहररावांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निर्विघ्न पार पडल्याचे वाचून समाधान वाटले. (त्यांना पत्र वाचण्याइतके दिसू लागले असल्यास नारळाचा मजकूर त्यांना तूर्त दाखवू नये. हसल्याने टाक्यांवर ताण येतो.)

आता मूळ विषय. तुझ्या कन्येचा, म्हणजे आपल्या राधिकाचा, येथला रॉक बँड मी बंद पाडावा, अशी आज्ञा तू मला २००३ च्या दिवाळीत फोनवरून केली होतीस. ‘तू ब्रेकमधला इंजिनीअर ना? मग थांबव तिला,’ हे तुझे शब्द मी वहीत टिपून ठेवले आहेत. मोटारींचे ब्रेक तपासण्यात मी एकोणतीस वर्षे घालवली हे खरे आहे. तरीही चार वर्षांत हे एक काम का झाले नाही, याचा क्रमवार खुलासा देणे माझे कर्तव्य आहे.

प्रथम, रॉक बँड म्हणजे काय ते समजून घेऊ. मध्यभागी राधिका उभी असते. तिच्या गळ्यात गिटार असते आणि ती गाते. तिच्या मागे ढोलांच्या ढिगाऱ्यात डग नावाचा गृहस्थ बसतो (दिवसा तो शाळेची बस चालवतो आणि ती मात्र अत्यंत हळू चालवतो). बाजूला एमी नावाची मुलगी जाड तारांची गिटार वाजवते. तिला बेस म्हणतात. तो कानांना फारसा ऐकू येत नाही, बरगड्यांना कळतो. या तिघांनी आपल्या संस्थेचे नाव ‘पार्किंग ब्रेक’ ठेवले आहे. गाडी जागची हलू न देणे हेच ज्या वस्तूचे काम, तिचे नाव पुढे जाऊ पाहणाऱ्या मंडळींनी घेऊ नये, हे मी त्यांना फळ्यावर आकृती काढून पाऊण तास समजावले. त्यांनी ती आकृती टी-शर्टवर छापली. (आकृती तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे, एवढेच समाधान.)

बँड बंद पाडायचा तर तो नजरेसमोर असावा, या विचाराने मी त्यांना सरावासाठी आमचे गॅरेज दिले. परिणामी गेले चार हिवाळे आमच्या दोन्ही गाड्या बाहेर बर्फात उभ्या असतात आणि सुहासिनी रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडत माझ्याकडे पाहते. रॉकवाल्यांना शिस्तीचे वावडे असते, असे मी वाचले होते. म्हणून मी शिस्त लावली. सायंकाळी सहाच्या ठोक्याला हजेरी, उशिरा येणाऱ्यास चहा नाही. प्रत्येक गाण्यावर मी स्टॉपवॉच लावले आणि दोषांची यादी करून ती फ्रिजवर चिकटवली. दुसऱ्या गाण्यात डग तिसाव्या सेकंदानंतर लय वाढवत धावू लागतो, हे मी आलेख काढून सिद्ध केले. तो चिडून निघून जाईल असा माझा अंदाज होता. त्याने आलेख घडी करून खिशात ठेवला, ‘थँक यू, मामा’ म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात धावणे थांबवले. (मला येथे सगळेच मामा म्हणतात. एमीची आईसुद्धा.) दोन वर्षांत हा डेट्रॉईट परिसरातील वेळेवर येणारा एकमेव रॉक बँड म्हणून प्रसिद्ध झाला आणि दुसरा कोणी आला नाही की क्लबवाले यांनाच बोलावू लागले. ताई, मी जेवढे ब्रेक लावले तेवढी ही गाडी नीट चालू लागली.

आता नारळ. रेकॉर्ड काढणाऱ्या एका कंपनीचे गृहस्थ शिकागोहून यांना ऐकायला फर्नडेलच्या एका क्लबात यायचे ठरले. तारीख वीस ऑक्टोबर, वेळ सायंकाळी सातची. ‘आज जमलं नाही तर मी सोडते,’ असे राधिकाने गाडीत मला स्वतःहून सांगितले. म्हणजे तुझे काम आपोआप होण्याची ही वेळ होती. मी केवळ गप्प बसायचे होते. परंतु त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांची पूजा चुकवणे माझ्याच्याने होईना. मी स्टेजवर जाऊन गिटारला हळदकुंकू लावले, ढोलांना झेंडू वाहिले आणि ॲम्प्लिफायरवर (गिटारचा आवाज मोठा करणारी कपाटाएवढी पेटी) हातोडीने नारळ वाढवला. येथील दुकानातला नारळ बहुधा कोरडाच निघतो, हे माझे एकतीस वर्षांचे निरीक्षण असल्याने खाली भांडे धरले नव्हते. हा नारळ भरलेला होता. सगळे पाणी मागच्या जाळीतून आत गेले. पेटीने एक दीर्घ हंबरडा फोडला. लोकांना ती कार्यक्रमाची सुरुवात वाटून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग धूर निघाला. त्यालाही टाळ्या पडल्या.

राधिका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मामा, तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस?”

यांच्यानंतरचा बँड रीतीप्रमाणे उशिरा येणार होता, त्यामुळे दुसरी पेटीही नव्हती. तिने गिटार खाली ठेवली आणि नुसत्या आवाजावर गाणे सुरू केले. ताई, १९६४ साली आकाशवाणीवर तुझी स्वरचाचणी होती. ‘जाऊ नकोस’ हा बाबांचा निरोप स्वयंपाकघरात येऊन तुला सांगणारा मीच होतो. तू परातीत कणीक मळत राहिलीस. फर्नडेलच्या त्या क्लबात मला ती परात दिसली. तसला निरोप मी आयुष्यात एकदा पोहोचवला. दुसऱ्यांदा मला जमले नाही, हे आता सरळच लिहितो.

शिकागोच्या गृहस्थांना गाणे आवडले. नारळ त्याहून आवडला. हिवाळ्यात रेकॉर्ड काढायची आणि मग वसंतात सहा आठवड्यांत एकोणीस गावांचा दौरा करायचा, असे ठरले आहे. अट एकच. प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी नारळ फुटला पाहिजे आणि तो ‘त्या गंभीर चष्मेवाल्या माणसानेच’ फोडला पाहिजे. खंडेनवमी वर्षातून एकदाच येते, हे मी त्यांना वीस मिनिटे समजावून सांगितले. ते म्हणाले की हे समजावणेही ठेवा, फक्त चार मिनिटांत बसवा.

असा हा खुलासा आहे. बँड बंद पाडण्याचे काम अपूर्ण असून जबाबदारी संपूर्णपणे माझी आहे.

तुझा आज्ञाधारक (एक बाब वगळता),
मोरेश्वर

ता.क. : दौऱ्याविषयी सुहासिनीस अद्याप सांगितलेले नाही. तुझा शब्द ती मोडत नाही. ‘मुलीवर लक्ष ठेवायला मीच मोरूला पाठवते आहे,’ एवढे तू तिला फोनवर सांगावेस. पत्राचे खरे कारण हेच.

ता.क. २ : शिकागोचा कार्यक्रम १९ एप्रिलला आहे. बँड तुला स्वतः येऊन बंद पाडायचा असल्यास पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे.

(खाली वेगळ्या अक्षरात) वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. नारळ मी कानाशी हलवून घेतला होता, पाणी आहे म्हणून बजावलंही होतं. ऐकायला थांबतात कुठे. खुशाल जाऊ देत सहा आठवडे, माझी गाडी तरी गॅरेजात राहील. तुमचा फोन आला की मी थोडे आढेवेढे घेईन, तुम्ही थोडी समजूत घाला. त्यांना बरं वाटेल. आणि शिकागोच्या खुर्च्या मी दोन सांगितल्यात. दुसरी माझी. – सुहासिनी