चारची नोंद

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर आहे, एकटीला पुरे अशी. लोखंडी खाट, टेबल, आणि खिडकीतून दिसणारं मागचं अंगण, तिथे दोरीवर पांढऱ्या चादरी. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली जुनं वर्तमानपत्र घडी करून सारलं आणि त्यावर प्रश्नसंच ठेवला. झालं घर.

खाली शुश्रूषागृह. एकच लांब खोली, बारा खाटा, त्यातल्या अकरा भरलेल्या. सगळी अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. मेट्रनबाई मऊ बोलतात, चालताना पायांचा आवाज होत नाही. महिनाअखेरीला परवान्याची परीक्षा. त्याआधी इथल्या कामाच्या दाखल्यावर त्यांची सही हवी. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परवाना नाही तर जन्मभर दुसऱ्यांच्या हाताखाली भांडी घासायची.

निघताना नणंद म्हणाली, "वहिनी, पन्नाशीत परीक्षा? दात पडल्यावर चणे खायची हौस." म्हटलं, भिजवून खाईन. लेक मात्र हसली आणि तिनं आपलं जुनं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. सेकंदकाट्याचं आहे, नाडी मोजायला.

हे गेल्याला दोन वर्षं झाली. यांच्या उशाशी बसूनच शुश्रूषेची पुस्तकं वाचायला लागले. शाळा सातवीत सुटली होती. पुढची दहावी आणि हा कोर्स म्हणजे सगळ्या पोरीबाळींच्या मागच्या बाकावर बसून केलेला उद्योग. आज बरं वाटतंय. किती दिवसांनी हे वाक्य लिहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी आठ ते चार माझी पाळी. दर दोन तासांनी प्रत्येकाची नाडी, श्वास, ताप, बीपी घ्यायचं, कूस बदलायची आणि खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या तक्त्यावर लिहायचं. मी आठला मोजायला बसले, तर मेट्रनबाईंनी आठ, दहा, बारा, दोन आणि चार असे पाचही रकाने एका दमात भरून टाकले. सगळ्या अकरा जणांचे. चारनंतरचे त्या स्वतः तसेच भरतात. म्हणाल्या, इथली रीतच आहे, या माणसांत काय बदलायचंय.

साफसफाईच्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, की बाई, तुमचं पुस्तक एवढं जाड, इथलं काम मात्र एका पेनात होतं.

सात नंबरच्या खाटेवर जुन्या मास्तरीणबाई आहेत. हात चिपाडासारखे, पण जीभ अजून छडीसारखी. माझ्याकडचं पुस्तक पाहून त्यांनी मला प्रश्न विचारायचं ठरवलं. चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? मी म्हटलं, जो अचानक गप्प झाला त्याच्याकडे. त्या म्हणाल्या, उत्तर पूर्ण वाक्यात द्या. दहापैकी आठ बरोबर आले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजच्या प्रश्नांत हा होता: सहकारी परिचारिकेनं दुपारच्या नोंदी सकाळीच लिहिल्याचं लक्षात आलं, तर प्रथम काय कराल? मी उत्तर दिलं, वरिष्ठांना कळवीन. चुकलं. आधी पेशंटला स्वतः तपासायचं.

म्हणून तपासलं. मास्तरीणबाईंच्या तक्त्यावर बाराला नाडी ७२ आणि श्वास १६ लिहिलेले होते. मोजले. ७२, १६. दोनलाही तेच. वाटलं, योगायोग. मग तीन नंबरचे आजोबा खोकून खोकून निळे पडले. अशा वेळी नाडी धावते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मनगट धरलं तर तक्त्यावरचे ६४, एकही ठोका कमी नाही की जास्त नाही. घड्याळ बिघडलं असेल म्हणून भिंतीवरचं धरलं. ६४.

अकराही जणांचं तसंच.

९ नोव्हेंबर, रविवार

मेट्रनबाईंना विचारलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या हातून आजवर एकही पेशंट गेलेला नाही, नातेवाईक लांबून लांबून आणून ठेवतात ते उगीच का. कपाटातल्या तक्त्यांच्या चळती दाखवल्या. मास्तरीणबाईंचे तक्ते सर्वांत खाली सुरू होतात. एकोणीस वर्षं. रोज ७२, रोज १६.

दुपारी मास्तरीणबाईंनी पुस्तक बाजूला सारलं. म्हणाल्या, "बाई, माझी शाळा केव्हाच सुटली. तरी ही मेट्रन मला वर्गात डांबून ठेवते. उद्यापासून माझं पुढचं लिहू नका."

मी त्यांची कूस बदलली. अंग गार होतं. आठवडाभर गारच लागतंय, मी खिडकीतल्या वाऱ्यावर ढकलत होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हे कोणाला सांगितलेलं नाही. इथेच लिहिते.

यांच्या शेवटच्या दुखण्यात मी घरी वही ठेवली होती. दर दोन तासांनी नाडी आणि ताप. त्या दिवशी जेवणानंतर डोळे मिटायला लागले, म्हणून दोनची आणि चारची नोंद आधीच लिहिली आणि भिंतीला टेकले. उठले तेव्हा पाच वाजले होते. यांचा हात गार पडलेला. डॉक्टरांनी वही पाहिली आणि म्हणाले, चारपर्यंत ठीक होते, तुम्ही शर्थ केलीत. लेकीनं गळ्यात पडून तेच म्हटलं. मी मान हलवली.

कधी गेले ते मला ठाऊक नाही. त्यांनी हाक मारली का, तेही नाही.

पुन्हा न मोजता लिहायचं नाही, एवढ्यासाठी मी या वाटेला आले. आणि आठवडाभर इथे मेट्रनबाई लिहितात आणि मी नुसती बघते. सहीसाठी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तक्ते भरायचं काम माझ्याकडे होतं. आठची नोंद मोजून लिहिली. सात नंबरचे पुढचे रकाने कोरे ठेवले.

दहाला मनगट धरलं. पूर्ण मिनिट. काही नाही. चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल झाल्या होत्या, लहान मुलगी झोपावी तशा.

मेट्रनबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि दहाच्या रकान्यात ७२ लिहिलं. गळ्यातली शीर हलली. मास्तरीणबाईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

तसं पाहिलेलं मला सहन होत नाही.

मेट्रनबाई एवढंच म्हणाल्या, की नवीन माणसाकडून चूक होते, दाखला अजून माझ्या टेबलावर आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस मी रकाने भरले. सगळे. आठलाच.

मास्तरीणबाई प्रश्न विचारत नाहीत. नुसत्या बघतात.

परीक्षेला बारा दिवस. पुस्तक उघडलं, अक्षरं दिसली, वाचलं काहीच नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

साडेनऊला सात नंबरचा तक्ता काढला, फाडला. कपाटातल्या मास्तरीणबाईंच्या चळतीही आणल्या. कुठे टाकू कळेना. मावशींनी पाहिलं. त्यांनी साबणाच्या पाण्याची बादली पायानं माझ्याकडे सरकवली.

शाई सुटली. पाणी निळं झालं.

दहाला मी मास्तरीणबाईंचा हात धरून बसले होते. या वेळी जागी होते. नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्यांनी बोटं दाबली. दहाला सोडली. ही वेळ मी मोजून लिहिली आहे.

मेट्रनबाई आल्या, खाट पाहिली. रागावल्या नाहीत. माझं पूर्ण नाव विचारलं. वय विचारलं. मी सांगितलं. का सांगितलं —

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बारा नंबरच्या रिकाम्या खाटेला तक्ता. माझं नाव. आठ, दहा, बारा, दोन. सगळीकडे ७२.

चारचा रकाना कोरा. त्यावर पेन ठेवलेलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "पुढचं तुम्हीच लिहा. हात बसला की दहा खाटांचंही जमेल." शेजारी माझा दाखला. सही केलेला.

वर आले. चोवीस पायऱ्या धावत. छाती फुटायला हवी होती. नाडी मोजली. ७२.

दोन वाजून वीस

आरशात पाहिलं, ओठ थरथरतायत. घाम. नाडी ७२. भीती माझी आहे, ठोके माझे नाहीत.

फाटकापर्यंत गेले होते. कुलूप नाही. कोणी अडवलंही नाही. पण हे ७२ सोबतच येणार. म्हणून परत आले, वही इथे होती.

तीन पंचवीस

तक्ता मांडीवर आहे. एक आकडा लिहिला की झालं. परीक्षा, परवाना, लेकीसमोर ताठ मान. आणि उद्या आठला दहा खाटा, नंतर अकरा, नंतर माझी.

मास्तरीणबाईंचं आयुष्य संपलेलं होतं. माझं नाही. म्हणजे रकाना कोरा राहिला तरी माझं मला परत मिळेल. कदाचित. नाडी माझी की तक्त्याची, ते चारलाच कळणार.

तीन पन्नास

पेन खिडकीतून टाकलं. ही पेन्सिल आहे, हिनं फक्त इथे —

मावशी दाराबाहेर बसल्यात. आत येत नाहीत. उठूनही जात नाहीत.

तीन एकोणसाठ

न मोजता लिहिणार नाही. बोटं मनगटावर आहेत. ७२ चाच ठेका. अजून —

चार. मोजते आहे. एक. दोन. ती