रोलमधले बाबा

लोहगाव,
४ मार्च २००३

प्रिय मंगल,

तुझा दादा खुशाल आहे, डबाही वेळेवर येतो.

परवा हवाई दलाच्या तळाच्या कुंपणाबाहेरून सुखोई विमानांचे फोटो काढताना जवानांनी धरलं. घाबरू नकोस, चहा पाजून सोडलं, कॅमेराही दिला. रोल मात्र ठेवून घेतला. चूक माझीच, फोटोबंदीची पाटी वाचूनही तिथंच थांबलो.

त्याच रोलमध्ये आपले बाबा आहेत गं. कांदे साठवायच्या बराकीपुढं, नवी टोपी घालून, जन्मात पहिल्यांदा फोटोला उभे राहिले होते. "एकच काढ, बाकीचा रोल तुझ्या इमानांना राहू दे," म्हणाले. मी खरंच एकच काढला.

त्यांचा खोकला कसा आहे? डॉक्टर खरं काय म्हणाले?

रविवारी निमगावला येतो. बाबांना जवानांनी धरल्याचं सांगू नकोस, रोलमध्ये उजेड शिरला म्हण. टोपी धुऊन ठेव. या खेपेला सगळा रोल त्यांचाच.

आईच्या पाया पडतो.

तुझा,
भगवंतदादा